भिलाईचं असं काय खायचं?

पुण्या-मुंबईचं कुणी भिलाईला आलं की पहिल्या दिवशी कारखान्याविषयी विचारतं आणि दुसऱ्या दिवशी खाण्याविषयी. नागपूरहून संत्र्याची बर्फी आणता येते, इंदुरात रात्री सराफ्यात उभं राहून खाता येतं, मग भिलाईचं असं काय? चाळीसेक वर्षं मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आले. "आमचं असं काही नाही. सगळं बाहेरून आलेलं. दोसा खा, छोले-भटुरे खा, मिष्टी दोई मिळाली तर ती खा." हे उत्तर मी अभिमानानेच द्यायची. सगळा भारत एका गावात, वगैरे. ते उत्तर चुकीचं होतं हे कळायला साठी गाठावी लागली. म्हणून या खेपेला भाचीने विचारलं तेव्हा जरा सविस्तर सांगायला बसले, आणि सांगता सांगता गावाचा इतिहासच सांगावा लागला.

भिलाईचा करार झाला १९५५च्या फेब्रुवारीत, भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदीबरोबर मराठी ही त्या राज्याची राजभाषा होती. कारखाना इथे यावा म्हणून झटलेले मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल मूळ राजकारणी रायपूरचे, पण त्यांचं सरकार बसायचं नागपुरात. हे लोक विसरतात. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. पण गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग अशी जाणारी रेल्वेची लाइन कुणी उखडली नव्हती. माझे वडील १९५८मध्ये भंडारा जिल्ह्यातून त्याच लाइनीने, एका पॅसेंजरने आले. आजी मरेपर्यंत म्हणायची, "पोरगा परदेशी गेला." ती गंमतीने म्हणायची, पण इथले लोकही बाहेरून आलेल्यांना 'परदेसिया'च म्हणायचे, आणि ते गंमतीने नव्हे.

४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. वडील त्या गर्दीत मागे कुठेतरी उभे होते. त्यांना दिसलं काहीच नाही, पण त्या दिवशी वाटलेल्या लाडवांची चव ते शेवटपर्यंत सांगत. कारखान्याबरोबर वस्तीही उभी राहिली. तिला नावं नव्हती, आकडे होते. सेक्टर १ ते १०. आमचा पत्ता म्हणजे सडक नंबर, क्वार्टर नंबर, सेक्टर नंबर. शेजारी मात्र रुआबांधा, मरोदा, रिसाली, नेवई, खुर्सीपार, सुपेला, कोहका, जुनवानी. ही गावं. त्यातल्या काहींची शेतं आता आमच्या सडकांखाली होती. लहानपणी मला वाटायचं, आकडे असलेलं ते शहर आणि नाव असलेलं ते खेडं. एवढी सोपी भूमिती होती.

आता खाण्याकडे येते. आकड्यांच्या शहरात काय खावं, तर माझा सल्ला ठरलेला आहे. हॉटेलात जाऊ नका, देवळात जा. आमच्या सेक्टरांमध्ये प्रत्येक प्रांताने आपापला देव आणला आणि देवाबरोबर स्वयंपाकघर आणलं. सेक्टर ६मध्ये बंगाल्यांची कालीबाडी. दुर्गापूजेच्या दिवसांत तिथली भोगाची खिचडी पानावर पडली की वाफेबरोबर भाजलेल्या मुगाचा वास येतो. तो वास आपल्या खिचडीला कधीच येत नाही, कारण आपण मूग भाजत नाही. सेक्टर ५मध्ये तेलुगू लोकांचं बालाजी मंदिर, तिथला चिंचेचा भात म्हणजे पुळिहोरा. सेक्टर ४मध्ये ओडिया लोकांचा जगन्नाथ, आषाढात रथ निघतो. सेक्टर २मध्ये मल्याळ्यांचा अय्यप्पा. पुन्हा सेक्टर ६मध्येच गुरुद्वारा आणि जामा मशीद. आमच्या सडकेवर एका बाजूला पालघाटचे, समोर जालंधरचे, कोपऱ्यावर गंजम जिल्ह्यातले. संध्याकाळी वाट्यांची ये-जा चालायची. वाटी रिकामी परत करायची नाही हा नियम सगळ्या प्रांतांत सारखाच निघाला. आईच्या पुरणपोळीच्या बदल्यात अवियल यायचं. आई ते पाहून म्हणायची, "ही तर ऋषीची भाजीच," आणि ते बरोबरच होतं.

कॉफी हाउसचं सांगायलाच हवं, कारण भिलाईतल्या माझ्या पिढीने पहिला दोसा तिथेच खाल्ला. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली तेव्हा कामावरून निघालेल्या बैऱ्यांनी आणि स्वयंपाक्यांनी १९५७-५८च्या सुमारास सहकारी संस्था काढल्या. ए. के. गोपालन त्यांच्या पाठीशी होते. आमच्याकडची कॉफी हाउसं जबलपूरच्या संस्थेची. सेक्टर १०मधलं कॉफी हाउस पाहा. तुरेवाला फेटा, पांढरा पोशाख, आणि तुम्ही एका कॉफीवर तास काढलात तरी कुणी उठवत नाही. मालक नसलेल्या जागेत माणूस वेगळा बसतो. बीट घातलेला मसाला दोसा इथे मिळतो. काहींना तो आवडत नाही, मला आवडतो.

सिव्हिक सेंटरला संध्याकाळी जायचं ते गुपचूप खायला. पाणीपुरीला आमच्याकडे आणि ओडिशात गुपचूप म्हणतात, आणि मला हे नाव जास्त खरं वाटतं, कारण ती तोंडात असताना दुसरं काही करता येत नाही. तिथेच गाड्यावर आलूगुंडा मिळेल. घाबरू नका, तो आपला बटाटेवडाच. मराठी पाहुण्याला आलूगुंडा मागवून द्यायचा आणि पहिल्या घासानंतरचा चेहरा बघायचा, ही आमच्या घरची जुनी करमणूक आहे. सकाळी पोहे-जिलबी. पोह्यांवर नागपूरसारखी चण्याची तर्री सगळीकडे मिळेलच असं नाही, पण पोहे मऊ असतात आणि शेव सढळ हाताने घालतात.

करमणुकीची आमची ठिकाणंही आकड्यांच्या शहरातलीच होती. सेक्टर १मधलं नेहरू सांस्कृतिक भवन, ज्याला सगळे नेहरू हाउस म्हणतात. सिव्हिक सेंटरमधलं महात्मा गांधी कला मंदिर आणि नेहरू आर्ट गॅलरी. बंगाली, तेलुगू, मल्याळी, मराठी, ज्याची त्याची नाटकं. दिग्दर्शक अनुराग बसू भिलाईत वाढले आणि त्यांचे वडील सुब्रत बसू इथल्या रंगभूमीवरचे, हे सांगितलं की पाहुण्यांचे डोळे जरा उघडतात. आमच्या मराठी मंडळींची नाटकं गणपतीत व्हायची. तालमी तीन पाळ्यांच्या हिशेबाने चालत. नायकाला रात्रपाळी लागली तर प्रवेश पुढेमागे करावे लागत. एकदा दुसऱ्या अंकातला खलनायक पाळी संपवून थेट हेल्मेट हातात घेऊन विंगेत आला होता.

रशियनांविषयी पाहुणे हमखास विचारतात. ते सेक्टर ७मधल्या रशियन कॉम्प्लेक्समध्ये राहत, बाजारात येत, बोट दाखवून भाज्या घेत. भाजीवाल्यांना रशियन आकडे येत होते, ही अतिशयोक्ती नाही, धंदा आहे. १९६०मध्ये ख्रुश्चेव भिलाई बघून गेले. १९७२मध्ये कारखान्याने मरोद्याच्या बाजूला मैत्रीबाग काढली, दोन देशांच्या मैत्रीची आठवण म्हणून. त्यातला एक देश आता नाही, बाग आहे. थंडीत जा, डबा घेऊन जा. पांढरे वाघ दुपारी झोपलेले असतात, तेव्हा सकाळीच जा.

एवढं सांगून मी इतकी वर्षं थांबत असे. यात खोटं काही नाही. पण यातली एकही गोष्ट रुआबांध्याची नाही, कोहक्याची नाही. कारखाना यायच्या आधी इथे माणसं राहत होती, ती काय खात होती आणि रात्री काय बघत होती, हे माझ्या यादीत कधी आलंच नाही.

ते का आलं नाही, हेही सांगते, कारण तो दोष आमच्या घरचाच आहे. आमच्याकडे रुआबांध्याहून एक बाई धुण्याभांड्याला येत. आम्ही मुलं त्यांना काकी म्हणायचो. सकाळी काम आटोपलं की त्या मागच्या ओट्यावर बसून आपला डबा उघडत. डब्यात रात्रीचा भात, पाण्यात बुडालेला, वर कांदा, हिरवी मिरची, मीठ, कधी दही, थंडीत लाल भाजी. मी सहा-सात वर्षांची असेन. त्या म्हणायच्या, "बासी खाबे, नोनी?" नोनी म्हणजे पोरी. एकदा मी बसले आणि खाल्लं. उन्हाळ्याचे दिवस होते, भात गार होता, किंचित आंबट, कांदा करकरीत. मला फार आवडलं. आईने बघितलं आणि मला हाताला धरून आत नेलं. काकींना काही बोलली नाही. मला म्हणाली, "शिळं खायचं नसतं. आपण तसले नाही." दुसऱ्या दिवसापासून काकींनी डबा आमच्या ओट्यावर उघडला नाही. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसून खायला लागल्या. मला कधी विचारलंही नाही.

आता बासीचा शब्दार्थ सांगते, कारण छत्तीसगडी लोक त्यात फरक करतात. भात शिजवून गार करून त्याच दिवशी पाण्यात घातला तर तो बोरे. रात्रभर पाण्यात राहिला तर बासी. भाताची पेज म्हणजे पसिया, तीही टाकत नाहीत. सकाळच्या वेळेला इथे 'बासी खाय के बेरा' म्हणतात, म्हणजे घड्याळ नव्हतं तेव्हा बासीवर वेळ सांगितली जायची. उन्हात राबणाऱ्या माणसाला पाणी, मीठ आणि भात एकदम मिळण्याची याहून स्वस्त सोय नाही. कारखान्याचा पाया खणणाऱ्या हातांत, विटा वाहणाऱ्या रेजांच्या डब्यात हेच होतं. भिलाईचं पहिलं कँटीन कुठलं म्हणाल, तर ते झाडाखालचं.

आणि गंमत बघा. समोरच्या ओडियाच्या गावी हाच पदार्थ पखाळ. तेलुगू शेजाऱ्यांच्या घरी चद्दन्नम. बंगाल्यांचा पांता भात. पालघाटच्या मावशींकडे पळंकंजी. सडकेवरच्या निम्म्या घरांच्या मूळ गावी हे सकाळचं खाणं होतं, आणि सडकेवर एकाही घरात ते ताटात दिसत नव्हतं. वाट्यांची एवढी ये-जा, अवियल आलं, घुगनी आली, राजमा आला, पण पाण्यातल्या भाताची वाटी कुणी कुणाला पाठवली नाही. सरकारी क्वार्टरात राहणारा, पाळीच्या बसने जाणारा माणूस ते खात नसतो, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं. आई ऐंशीच्या पुढे गेल्यावर एका उन्हाळ्यात तिला जेवण जाईना. मी म्हटलं, काय करू? ती म्हणाली, "रात्रीचा भात पाण्यात ठेव. वर ताक घाल. आमच्याकडे वैनगंगेकाठी सगळे तेच खायचे." मी तिच्याकडे बघत राहिले. तिने मान वळवली.

तेव्हापासून माझी यादी बदलली. आता कुणी विचारलं तर मी सांगते, सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात जा आणि भाज्या बघा. खाऊ नका, आधी नुसत्या बघा. अंबाडी तिथे अमारी होऊन बसलेली असते. चेच, करमत्ता, बोहार या नावांना मराठीत मला तरी नावं सापडत नाहीत. थंडीत तिवऱ्याची कोवळी भाजी येते. तिवरा म्हणजे आपली लाखोरी, भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांत धान निघाल्यावर पेरतात ती. तिच्या डाळीच्या विक्रीवर महाराष्ट्रात कित्येक दशकं बंदी होती, छत्तीसगडने ती लावून धरली नाही. वडील म्हणायचे, राज्य बदलल्याचा एकच फायदा झाला, लाखोरी उघड खाता येते. भाजीसाठी तेव्हाही कुणी अडवत नव्हतं, पण त्यांना ते वाक्य आवडायचं.

फरा खा, तांदळाच्या पिठाची लांबट उकड, तिळाची फोडणी दिलेली किंवा दुधा-गुळातली. चीला खा, ते आपलं तांदळाचं धिरडंच, पण सोबत टोमॅटोची तिखट चटणी असते. अंगाकर मिळाली तर सोडू नका. तांदळाच्या पिठात थोडा शिजलेला भात मळून जाड भाकरी करतात, पानांत गुंडाळून निखाऱ्यांवर भाजतात. कोकणातल्या माणसाला पानगी आठवेल, विदर्भातल्याला पानगे. पोळ्याच्या दिवसांत ठेठरी आणि खुरमी. पोळ्याला इथे पोरा म्हणतात, मातीचे बैल तसेच असतात. पुढे हरतालिका, तिला तीजा म्हणतात. उपासाच्या आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खायचा, त्याचं नाव करू भात. कुसली म्हणजे करंजी, अइरसा म्हणजे अनारसा. हे सगळं हॉटेलात शोधू नका. रायपूरला २०१६मध्ये संस्कृती विभागाच्या आवारात गढकलेवा निघालं, तिथे एका जागी बसून चाखता येतं. भिलाईत मात्र ओळख काढावी लागते. कुणाच्या तरी घरी जावं लागतं, आणि घरी जायचं तर सेक्टरची शेवटची सडक ओलांडावी लागते.

हे साम्य पाहून मराठी पाहुणा लगेच म्हणतो, म्हणजे हे आपल्याकडूनच आलं. असं म्हणायची घाई करू नये. १७४१मध्ये भोसल्यांचा भास्करपंत छत्तीसगडात आला, १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसले रतनपुरात बसून राज्य करत होते आणि १८५४पर्यंत हा मुलूख नागपूरकरांचा होता, हे खरंच. दुर्ग भागात आजही देशमुख आडनावाचे कुर्मी शेतकरी भेटतील, ज्यांना मराठीचा एक शब्द येत नाही. पण तांदूळ बिंबाजींच्या आधीपासून इथे होता, आणि तांदूळ आहे तिथे धिरडं होणारच.

करमणुकीत मात्र एक शब्द बघण्यासारखा आहे. छत्तीसगडच्या नाचात, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, विनोदी प्रवेशाला 'गम्मत' म्हणतात. पूर्वीचा नाचा वादक उभे राहून करत, त्याला खडे साज म्हणत. आपल्या विदर्भात खडी गंमत आहे, पुरुषच बायकांची सोंगं घेतात, तसंच इथेही. मराठ्यांच्या छावण्यांबरोबर हा प्रकार आला असं काही अभ्यासक मानतात. राजनांदगावजवळच्या रवेलीचे दाऊ मंदराजी यांनी १९२७-२८च्या सुमारास आपली नाचा मंडळी बांधली आणि हार्मोनियम आणली. पुढे दुर्गजवळच्या बघेऱ्याचे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१मध्ये 'चंदैनी गोंदा' उभं केलं. लक्ष्मण मस्तुरिया यांची गाणी, खुमानलाल साव यांचं संगीत. हजारो माणसं बैलगाड्या जुंपून जात. आमच्या सेक्टरात त्याच सुमारास आम्ही गणपतीत पुण्या-मुंबईची जुनी नाटकं बसवत होतो. बघेरा काही लांब नाही. आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं.

हबीब तन्वीर यांचं 'चरणदास चोर' सगळ्यांना माहीत असतं. १९८२मध्ये एडिनबरोत त्याला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. त्याआधी १९७५मध्ये श्याम बेनेगल यांनी त्याच कथेवर मुलांसाठी चित्रपट केला, त्यात राजकन्या झालेली स्मिता पाटील. पण ते नाटक पहिल्यांदा आकाराला आलं ते भिलाईत, हे भिलाईकरांनाही सांगावं लागतं. तन्वीर इथे कार्यशाळा घेत होते, विजयदान देथांच्या राजस्थानी गोष्टीवर काम चाललं होतं. तेव्हा त्याचं नाव 'चोर चोर' होतं आणि ते जेमतेम तासाभराचं होतं. मोठ्या मैदानावर सतनामी समाज जमला होता. सत्यालाच देव मानणाऱ्या त्या समाजापुढे, खरं बोलायचं वचन पाळून मरणाऱ्या चोराची गोष्ट झाली. पंथी गीतं नाटकात आली ती याच संबंधातून. ज्या मैदानांवरून आम्ही शाळेला जायचो, तिथे हे घडलं.

तीजनबाईंविषयी सगळ्यात जास्त सांगायला हवं. त्यांचं गनियारी गाव भिलाईपासून चौदा-पंधरा किलोमीटरवर. आजोबांकडून महाभारत ऐकून पाठ झालेलं. पांडवानीच्या दोन शैली, बसून गातात ती वेदमती, उभं राहून अभिनय करत गातात ती कापालिक. बायकांनी गायचंच तर बसून गायचं. तीजनबाई तेराव्या वर्षी दुर्ग जिल्ह्यातल्या चंद्रखुरी गावात उभं राहून गायल्या, मानधन दहा रुपये. गाते म्हणून समाजाने वाळीत टाकलं. पुढे त्या भिलाईच्या कारखान्यात नोकरीला होत्या, म्हणजे हिशेबाने वडिलांच्याच सहकारी. २००३ला पद्मभूषण, २०१९ला पद्मविभूषण. आपल्या कीर्तनकारासारखंच एक माणूस सगळी पात्रं करतं, पण शेजारी रागी असतो, तो प्रत्येक ओळीला हुंकार भरतो, मध्येच श्रोत्यांच्या मनातला प्रश्न विचारतो. हातात मोरपिसांचा तंबुरा, क्षणात भीमाची गदा, क्षणात दुःशासनाचा तुटलेला हात. मी त्यांना प्रथम पाहिलं तेव्हा कॉलेजात होते, मैत्रिणींबरोबर गेले होते, जराशी चेष्टा करायच्या तयारीनेच. दहा मिनिटांत चेष्टा विसरले. मागे वळून पाहिलं तर काकी बसल्या होत्या, रुआबांध्याच्या बायकांबरोबर, अगदी पुढे सरकून. मी हात केला. त्यांनी पाहिलं, हसल्या, आणि पुन्हा मंचाकडे वळल्या. त्या मैदानात त्या घरच्या होत्या. मी पाहुणी.

पॉवर हाउसला खरेदीला जाणार असाल तर सर्क्युलर मार्केट बघा, कपडा स्वस्त आहे, समोसे चांगले आहेत. पण रेल्वे स्टेशनवर क्षणभर थांबा. कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांचा भिलाईत २८ सप्टेंबर १९९१ला झोपेत खून झाला. पुढच्या वर्षी १ जुलैला याच स्टेशनात रुळांवर बसलेल्या ठेका कामगारांवर गोळीबार झाला, त्यात कामगार मेले. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या डब्यात त्या सकाळी काय असेल ते वर लिहिलंच आहे. पाहुण्यांना हे सांगावं की नाही, यावर आमच्या घरी वाद होतो. यजमानांचं म्हणणं, माणसं फिरायला आलेली असतात. मी सांगते.

२०२२च्या १ मेला मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी कामगार दिनाला सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं. ते पाटणचे, आमच्याच दुर्ग जिल्ह्यातले. मंत्री, कलेक्टर, पोलीस अधिकारी, सगळ्यांचे काशाच्या थाळीत बासी खातानाचे फोटो आले. आमच्या सेक्टरातल्या बायकांच्या ग्रुपवरही आले. कुणी वर डाळिंबाचे दाणे टाकले होते. मला हसू आलं आणि थोडा रागही आला, कडुनिंबाखालचा डबा आठवून. मग वाटलं, राग कुणावर? निदान फोटो तरी काढला. आमच्या ओट्यावरचा कुणी काढला नसता.

काकी आता नाहीत. त्यांच्या सुनेकडे मी वर्षातून दोनदा जाते, पोऱ्याला आणि छेरछेऱ्याला. ती ठेठरी बांधून देते. रुआबांध्याची शेतं कधीच गेली. आता आमच्या सेक्टरांतही कितीतरी क्वार्टरं बंद आहेत, कारखान्याला माणसं कमी लागतात, अंगणात गाजरगवत वाढलंय. कालीबाडीत भोगाच्या रांगेत उभी असणारी मुलं बंगळुरूहून चार दिवसांसाठी आलेली असतात. पालघाटच्या मावशी पालघाटला परत गेल्या.

भाचीने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, माझी गाडी उद्या दुपारची आहे. यातलं एक काहीतरी सांग ना." मी रात्री वाटीभर तांदूळ जास्त लावला. गार झाल्यावर पाण्यात घालून झाकून ठेवला आहे. कांदा घरात आहे, मिरच्या आहेत, दही लागलेलं आहे. बिजौरी तेवढी नाही, ती सकाळी कोपऱ्यावरून आणीन.